मोटारसायकलचा दिवा आणि रात्रीची वाट

भारतातील रस्त्यांवर धावणाऱ्या वाहनांत दुचाकी वाहनांची संख्या सर्वांत मोठी आहे. पहाटेच्या अंधारात दुधाचे कॅन लादून शहराकडे निघालेला गवळी, रात्रपाळी संपवून घरी परतणारा कामगार, तालुक्याच्या गावी काम आटोपता आटोपता उशीर झालेला शिक्षक किंवा व्यापारी, हे सर्व जण मोटारसायकलच्या तोंडाशी बसविलेल्या एका लहानशा दिव्याच्या भरवशावर वाट कापीत असतात. शहराची हद्द ओलांडली की रस्त्याकडेचे दिवे संपतात. त्यापुढे रस्ता जेवढा दिसावयाचा तेवढा या एका दिव्यानेच दिसतो.

रस्त्यावर रात्री काय असते, याचाही विचार करावयास हवा. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा उत्तर कर्नाटकात उसाच्या गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे उसाने खच्चून भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर कारखान्याकडे चालत असतात. त्यांतील अनेकांच्या मागे तांबडा दिवा तर नसतोच, परंतु प्रकाश परत फेकणारी साधी पट्टीही नसते. चाक पंक्चर झालेला मालमोटारीचा सांगाडा रस्त्यातच उभा असतो आणि त्याची सूचना म्हणून मागे चार दगड तेवढे मांडलेले असतात. काळ्या म्हशी डांबरी रस्त्यावर बसतात. काळी घोंगडी पांघरून रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस तर अगदी जवळ येईपर्यंत डोळ्यांना जाणवतच नाही, कारण गडद कापड आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा फारच थोडा अंश परत पाठविते.

मोटारसायकलचा दिवा मंद आहे, ही तक्रार म्हणूनच केवळ गैरसोयीची नसते. या तक्रारीवर बहुधा एकच उपाय सुचविला जातो, तो म्हणजे अधिक वॉटचा बल्ब बसविणे. हा उपाय सोपा वाटतो, परंतु पुष्कळदा तो निरुपयोगी आणि काही वेळा घातक ठरतो. दिवा मंद का झाला, प्रकाश नेमका कोठे गळतो आणि जो प्रकाश निघतो तो योग्य जागी पडतो की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळविल्यास जुन्या बल्बवरच दिवा पुष्कळ सुधारता येतो.

दिसणे आणि थांबणे

दिवा पुरेसा आहे की नाही हे ठरविण्याची कसोटी साधी आहे. चालकाला जेवढे अंतर पुढचे दिसते, तेवढ्या अंतरात त्याला वाहन थांबविता आले पाहिजे. थांबण्याच्या अंतराचे दोन भाग पडतात. अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत जो वेळ जातो त्यात वाहन पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते; हा पहिला भाग. ब्रेक लागल्यापासून वाहन उभे राहीपर्यंतचे अंतर हा दुसरा भाग.

रात्री अडथळा ओळखण्यास आणि हातपाय हलविण्यास मिळून दीड सेकंद लागतो असे धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या ब्रेकने वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात कमी होतो असेही मानू. या हिशेबाने ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सुमारे २९ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० किलोमीटर वेग असेल तर सुमारे ५३ मीटर लागतात. आणि ताशी ८० किलोमीटरला हे अंतर सुमारे ८३ मीटर होते. वेग दुप्पट झाला, परंतु अंतर जवळजवळ तिप्पट वाढले. रस्ता ओला असून ब्रेकची पकड दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंदावर आली, तर ताशी ६० किलोमीटर वेगालाच ७१ मीटर पुरत नाहीत असे दिसून येते.

प्रकाशाचा नियम याच्या नेमका उलट दिशेने काम करतो. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा प्रकाश चौथाईवर येतो. याचा अर्थ असा की, ३० मीटरवरील म्हैस जितकी स्पष्ट दिसते तितकीच स्पष्ट ती ६० मीटरवर दिसावयाची असेल, तर त्या दिशेने जाणारा प्रकाश चौपट हवा. दिव्याचा प्रकाश थोडाफार वाढविल्याने दृष्टीचा पल्ला त्या प्रमाणात वाढत नाही. मोठा बल्ब लावला म्हणून वेगही वाढविणाऱ्या चालकाची येथेच फसगत होते.

दिव्याची घडण

आरंभीच्या मोटारसायकलींना ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. एका डबीतील कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडे, त्यातून निघणारा वायू नळीने दिव्यात येई आणि त्याची ज्योत पेटविली जाई. पुढे विजेचा दिवा आला. त्यातील टंगस्टनचा तंतू तापून पांढरा प्रकाश देई. परंतु तापलेल्या तंतूवरील धातूचे कण उडून काचेवर बसत आणि बल्ब आतून हळूहळू काळवंडत जाई. १९५९ मध्ये हॅलोजन बल्बची माहिती प्रसिद्ध झाली. या बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन यांसारख्या मूलद्रव्याचा अल्प अंश भरलेला असतो. तो उडालेल्या टंगस्टनशी संयोग पावतो आणि ते टंगस्टन पुन्हा तंतूकडे परत आणून सोडतो. त्यामुळे काच स्वच्छ राहते आणि तंतू अधिक तापविता येतो. दोन तंतू असलेला एच-४ हा हॅलोजन बल्ब १९७१ पासून वापरात आला आणि पुढे जगभर रूढ झाला. मानकात त्याची नोंद ६०/५५ वॉट अशी आहे. त्याचाच लहान भाऊ म्हणता येईल असा ३५/३५ वॉटचा एचएस-१ हा बल्ब भारतातील पुष्कळ मोटारसायकलींत दिसतो.

बल्बमागे जो वाटीसारखा चकचकीत परावर्तक असतो, त्याला गॅरेजमध्ये रिफ्लेक्टर किंवा डूम म्हणतात. त्याचा आकार गणितातील अन्वस्ताचा असतो. अन्वस्ताच्या नाभीवर ठेवलेल्या दिव्याचे किरण परावर्तनानंतर एकमेकांस समांतर होऊन दूर जातात. लांबचा झोत, म्हणजे बोलीतील अपर, याच तत्त्वावर मिळतो. जवळच्या झोताचा, म्हणजे डिपरचा तंतू नाभीच्या किंचित पुढे असतो आणि त्याच्याखाली धातूची एक चिमुकली पन्हळ बसविलेली असते. ही पन्हळ खाली जाणारा प्रकाश अडविते; त्यामुळे परावर्तकाचा वरचा भागच उजळतो आणि तेथून परतणारे किरण रस्त्याकडे झुकतात. प्रकाशाची वरची कड स्पष्ट कापलेली दिसते, ती याच पन्हळीमुळे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. झोताचा आकार केवळ बल्बच्या तेजावर अवलंबून नसून तंतूच्या जागेवर अवलंबून असतो. तंतू एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे सरकला तरी झोत विस्कटतो. एच-४ बल्बच्या कडीला तीन कान असतात आणि त्यांतील एक इतरांहून रुंद असतो. खाचा न पाहता बल्ब दाबून बसविल्यास तो तिरपा राहतो, आणि उत्तम बल्ब असूनही प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर पडतो.

प्रकाश कोठे गळतो

बॅटरीपासून बल्बपर्यंतचा विजेचा मार्ग जितका दिसतो तितका सरळ नसतो. वीज फ्यूजमधून किल्लीच्या स्विचला जाते, तेथून दिव्याच्या स्विचला, तेथून हँडलवरील अपर-डिपरच्या स्विचला आणि मग बल्बच्या होल्डरला पोहोचते. जुन्या बुलेटसारख्या मोटारसायकलीत दिव्याच्या घडीव कवचावर बसविलेल्या अँपिअरमापकातूनही ती जाते. परतीचा मार्ग तर बहुधा मोटारसायकलच्या लोखंडी सांगाड्यातूनच असतो. हाच अर्थ किंवा अर्थिंग होय. या मार्गातील प्रत्येक सांधा, प्रत्येक स्विचची जीभ आणि प्रत्येक बारीक तार विजेला थोडा थोडा रोध करते. पावसाळ्यातील ओल, रस्त्यावरची धूळ आणि समुद्रकाठची खारी हवा यांमुळे सांध्यांवर गंज आणि हिरवट थर चढतो व रोध वाढत जातो.

रोध वाढला म्हणजे बल्बपर्यंत पोहोचणारा विद्युत दाब घटतो, आणि तंतूचा दिवा या बाबतीत फार हळवा असतो. त्याचा प्रकाश दाबाच्या साधारणपणे ३.४ या घाताच्या प्रमाणात बदलतो. सोप्या भाषेत सांगावयाचे तर, दाब दहा टक्क्यांनी घटला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. १२ व्होल्टऐवजी ११ व्होल्ट मिळाले तर एक-चतुर्थांश प्रकाश नाहीसा होतो. १० व्होल्टच मिळाले तर जवळजवळ निम्मा जातो. बल्ब तोच असतो, परंतु त्याचा प्रकाश पिवळट आणि थकलेला दिसतो.

नुसती तारच किती दाब खाते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. जाण्यायेण्याची मिळून ४ मीटर लांबीची आणि अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घेतली तर तिचा रोध सुमारे ०.१४ ओहम भरतो. ५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ४.६ अँपिअर वीज घेतो. म्हणजे एकट्या तारेतच ०.६ व्होल्टहून अधिक दाब खर्ची पडतो. त्यात स्विचच्या जिभा आणि गंजलेले सांधे यांची भर पडली की दीड-दोन व्होल्ट सहज नाहीसे होतात. तीच तार २ चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर तारेतील खर्च ०.१६ व्होल्टवर येतो.

६ व्होल्टच्या जुन्या मोटारसायकलींवर हा आघात अधिक तीव्र होतो. जावा व येझदी, राजदूत आणि जुन्या बुलेट या गाड्या ६ व्होल्टवर चालत, आणि हौसेने जपलेल्या अशा पुष्कळ गाड्या आजही रस्त्यावर आहेत. ३५ वॉटच्या बल्बला १२ व्होल्टवर सुमारे २.९ अँपिअर लागतात, तर ६ व्होल्टवर ५.८ अँपिअर. मार्गात ०.१५ ओहम रोध असेल तर १२ व्होल्टच्या दिव्याचा सुमारे अष्टमांश प्रकाश जातो. तेवढ्याच रोधाने ६ व्होल्टच्या दिव्याचा मात्र एक-तृतीयांशाहून अधिक प्रकाश जातो. जुन्या गाड्यांचे दिवे मुळातच वाईट होते, असा जो समज आहे त्यात तथ्य असले तरी, त्यांच्या जुन्या तारांचाही त्यात मोठा वाटा असतो.

दोष शोधण्याची रीत

दोष नजरेने ठरवू नये, तो मोजावा. यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन मध्यम गतीने चालू ठेवून दिवा लावावा आणि प्रथम बॅटरीच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. १२ व्होल्टच्या गाडीत तो साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असावयास हवा. तो याहून फार कमी असेल तर दोष दिव्यात नसून बॅटरीत, जनित्रात किंवा दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरमध्ये आहे, आणि तो आधी दूर केला पाहिजे.

बॅटरी ठीक असल्यास मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे बल्बच्या होल्डरमधील पेटलेल्या टोकाला लावावे. दिसणारा आकडा हा जाण्याच्या मार्गावरील खर्च होय. नंतर एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे बल्बच्या अर्थला लावावे. हा परतीच्या मार्गावरील खर्च. दोहोंची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर मार्ग चांगला समजावा. एक व्होल्टहून अधिक असेल तर दिव्याला नवा बल्ब नको असून नवी वाट हवी आहे, असे निश्चित म्हणता येते.

अर्थकडे विशेष लक्ष द्यावे. दिवा हँडलच्या बाजूला बसविलेला असतो आणि हँडलचा दांडा सांगाड्याशी गोळ्यांच्या बेअरिंगने जोडलेला असतो. परतीची वीज या वंगण भरलेल्या बेअरिंगमधून जाऊ पाहत असेल तर दिवा खड्ड्यागणिक लुकलुकतो. बल्बच्या अर्थपासून सरळ बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक स्वतंत्र जाड तार टाकणे हा सर्वांत स्वस्त आणि पुष्कळदा सर्वांत गुणकारी उपाय ठरतो.

दुरुस्तीचा क्रम

काम हाती घेण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडून ठेवावे. प्रथम सर्व सांधे उघडून बारीक पॉलिश कागदाने घासावेत, सैल झालेल्या पितळी चिमट्या पकडीने आवळाव्यात आणि बल्बचा होल्डर काळवंडला अथवा वितळला असेल तर तो बदलावा. अपर-डिपरच्या स्विचमधील जिभा स्वच्छ कराव्यात.

यानंतर परावर्तकाची पाहणी करावी. काचेभोवतीचे रबर फाटले म्हणजे धूळ आणि ओल आत शिरते व आतील चकाकी मंद होते. हा थर अत्यंत पातळ असतो. त्याला फडक्याने घासल्यास धुळीबरोबर चकाकीही निघून येते. म्हणून धूळ हवेने किंवा अगदी मऊ ब्रशने उडवावी. थर काळा पडला असेल किंवा त्याचे पापुद्रे सुटले असतील तर डूम बदलण्यावाचून गत्यंतर नाही. नव्या गाड्यांत काचेऐवजी प्लास्टिकचे झाकण असते. उन्हाने ते पिवळे पडते. त्याला पॉलिश करून तात्पुरती सुधारणा होते.

नवा हॅलोजन बल्ब बसविताना त्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकट डाग तापलेल्या काचेवर भाजला जातो आणि बल्ब लवकर निकामी होतो. चुकून स्पर्श झाल्यास स्पिरिटने पुसून काच कोरडी करावी.

एवढे करूनही मार्गातील खर्च अधिकच राहिला तर रिलेचा उपयोग करावा. रिले म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारा स्विच होय. त्याच्या गुंडाळीला एक अँपिअरच्या लहानशा अंशाएवढीच वीज लागते. ती हँडलवरील जुन्या स्विचमधून येते. गुंडाळीत वीज आली की रिलेमधील जाड जिभा मिटतात आणि दिव्याची खरी वीज बॅटरीपासून जाड तारेने थेट बल्बला जाते. रिलेवर चार टोकांचे क्रमांक छापलेले असतात. ३० क्रमांकाला बॅटरीची तार, ८७ ला बल्बची तार, आणि ८५ व ८६ या गुंडाळीच्या टोकांपैकी एकाला जुन्या स्विचची तार व दुसऱ्याला अर्थ जोडतात. अपर आणि डिपर यांसाठी दोन वेगळे रिले लागतात. बॅटरीजवळच योग्य फ्यूज घालण्यास विसरू नये. फ्यूज नसलेली जाड तार सांगाड्याला घासून उघडी पडली तर गाडी पेट घेऊ शकते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तार ताणली जात नाही याची खात्री करावी, आणि तार कवचात शिरते तेथे रबराची कडी बसवावी.

ही रचना सर्वच गाड्यांना लागू नाही. काही जुन्या स्कूटर आणि लहान मोटारसायकलींत दिवा बॅटरीवर नसून सरळ मॅग्नेटोच्या गुंडाळीवर चालतो. इंजिनाची गती वाढविली की दिवा उजळतो आणि गती कमी केली की तो मालवल्यासारखा होतो, ही त्याची खूण. अशा गाडीत दिवा बॅटरीवर घेतल्यास बॅटरी थोड्याच वेळात रिकामी होते, कारण ती भरण्याची सोय तेवढी मोठी नसते. तेथे स्वच्छ सांधे, चांगला अर्थ आणि नेमून दिलेल्या वॉटचाच बल्ब हे उपाय पुरेसे मानावेत. खराब रस्त्यावर हळू जाताना खालचा गिअर वापरल्यास इंजिनाची गती आणि त्याबरोबर प्रकाश टिकून राहतो.

अधिक वॉटचा मोह

बाजारात १००/९० वॉटचे बल्ब मिळतात आणि ते त्याच होल्डरमध्ये बसतात. यामुळे पुष्कळांना मोह होतो. परंतु १०० वॉटला १२ व्होल्टवर ८ अँपिअरहून अधिक वीज लागते. त्याच बारीक तारेतून अधिक वीज नेल्यास दाबाचा खर्चही त्याच प्रमाणात वाढतो; मिळावयाच्या प्रकाशाचा मोठा भाग तारा तापविण्यात जातो. होल्डर वितळतो, स्विचच्या जिभा जळतात आणि परावर्तकाचा थर उष्णतेने काळवंडतो. जनित्राची शक्तीही मर्यादित असते. प्रज्वलन, मागचा दिवा आणि बॅटरी भरणे यांसाठी लागणारी वीज वजा जाता जे उरते त्याहून बल्बची मागणी मोठी झाली, तर तूट बॅटरीतून भरली जाते. बुलेटच्या अँपिअरमापकाचा काटा दिवा लावताच उणे बाजूला जाऊन तेथेच राहत असेल, तर त्याचा अर्थ हाच होय.

एलईडीचे सुटे बल्ब कमी विजेत अधिक प्रकाश देतात हे खरे आहे. परंतु तंतूसाठी घडविलेल्या परावर्तकात प्रकाशाचा उगम नेमका तंतूच्याच जागी आणि तंतूच्याच आकाराचा असावा लागतो. अनेक सुट्या एलईडी बल्बमध्ये तो तसा नसतो. मग डिपरची कापलेली कड नाहीशी होते, प्रकाश चहूकडे सांडतो, आणि चालकाच्या चाकापुढे झगझगाट होऊन दूरचा रस्ता उलट अंधारा राहतो. मुळातच एलईडीसाठी घडविलेला संपूर्ण दिवा ही वेगळी गोष्ट आहे. त्यात परावर्तक किंवा भिंग त्या उगमास अनुसरूनच केलेले असते. संपूर्ण दिवा बदलताना तो भारतासारख्या डाव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशासाठी घडविलेला आहे हे पाहावे. उजव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशांतील काही दिव्यांचा झोत उजवीकडे वर चढतो. येथे तो नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

झोताचा रोख

दिवा कितीही चांगला असला तरी त्याचा रोख चुकला तर तो वाया जातो. रोख लावण्यासाठी सपाट जमीन आणि एक भिंत पुरते. टायरमधील हवा योग्य असावी. गाडी स्टँडवर न ठेवता दोन्ही चाकांवर सरळ उभी करावी आणि तिच्यावर चालकाने बसावे. दिव्याचे तोंड भिंतीपासून १० मीटरवर असावे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढावी. तिच्याखाली १५ सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढावी. डिपर लावल्यावर प्रकाशाची वरची कड या दुसऱ्या रेघेवर यावी.

याचा हिशेब असा. १० मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतार म्हणजे दीड टक्का. दिव्याची उंची ९० सेंटिमीटर असेल तर ही कड ६० मीटरवर रस्त्याला टेकते. वर पाहिल्याप्रमाणे ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला कोरड्या रस्त्यावर थांबण्यास ५३ मीटर लागतात. उतार तीन टक्के ठेवला तर प्रकाश ३० मीटरवरच संपतो, आणि ते अंतर ताशी ४० किलोमीटरलाच कसेबसे पुरते. उतार अजिबात ठेवला नाही तर प्रकाश रस्त्यावर न पडता समोरच्याच्या तोंडावर पडतो.

मागे माणूस बसला किंवा ओझे लादले की गाडीचा मागचा भाग दबतो. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर सुमारे १३० सेंटिमीटर असते. मागची बाजू पुढच्या बाजूहून अवघी २ सेंटिमीटर अधिक दबली तरी दिवा दीड टक्क्याने वर उचलला जातो, म्हणजे काळजीपूर्वक ठेवलेला उतार सर्वच्या सर्व नाहीसा होतो. कुटुंब घेऊन किंवा दुधाचे कॅन लादून रात्री नेहमी जाणाऱ्याने त्या ओझ्यासहच रोख लावावा आणि मागील स्प्रिंगचा ताण ओझ्याप्रमाणे ठेवावा.

समोरचा प्रवासी

रस्त्यावर प्रकाश दोन्ही बाजूंनी येत असतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर प्रखर झोत पडला की काही क्षण काहीच दिसत नाही. ही स्थिती पाच सेकंद टिकली असे धरल्यास ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन तेवढ्यात सुमारे ८३ मीटर आंधळेपणाने जाते. वय वाढते तसा डोळ्यांना सावरण्यास अधिक वेळ लागतो. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमध्ये झोत खाली वळविण्याची अट घातलेली आहे. ८ मीटर अंतरावर आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवू नये, असे त्यात सांगितले आहे. समोरचे वाहन दिसताच अपर सोडून डिपरवर येणे हा एकमेकांचा जीव राखण्याचा व्यवहार होय. समोरच्याने डिपर केला नाही तर आपणही अपर लावून उत्तर देण्यात अर्थ नाही. दिपलेल्या दोन चालकांपेक्षा एक दिपलेला बरा. अशा वेळी वेग कमी करावा आणि नजर झोतावर न ठेवता रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी.

पंजाबपासून बिहारपर्यंतच्या मैदानी प्रदेशात डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडते. धुक्यातील जलकण अपरचा प्रकाश उलट चालकाच्याच डोळ्यांकडे फेकतात आणि पुढे पांढरी भिंत उभी राहिल्यासारखे होते. तेथे डिपरच उपयोगी पडतो. ओरखडे पडलेली अथवा काळी केलेली हेल्मेटची काच रात्री प्रकाशाचा मोठा भाग अडविते आणि समोरच्या दिव्यांच्या रेघा पसरविते. दिव्यावर खर्च करण्यापूर्वी ही काच बदलून पाहावी.

भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकी वाहनांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. यामुळे दुचाकी इतरांना लवकर दिसते. मात्र दिवा सतत तापत असल्याने बल्ब, होल्डर आणि परावर्तक यांची झीजही सतत होते, आणि म्हणून वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, त्यांची तपासणी करणे अगत्याचे झाले आहे.

अशा रीतीने मंद दिव्याच्या सुधारणेचा क्रम निश्चित करता येतो. आधी बॅटरी व जनित्र, मग अर्थ आणि सांधे, मग काच व परावर्तक, मग जाड तारा आणि रिले, त्यानंतर योग्य वॉटचा चांगला बल्ब, आणि शेवटी झोताचा रोख. यांतील बहुतेक कामांना पैशापेक्षा सवडीची अधिक गरज असते. हे सर्व झाल्यावरही एक मर्यादा उरतेच. डिपरच्या प्रकाशात रस्ता ज्या अंतरापर्यंत खरोखर दिसतो, ते अंतर चालकाने ओळखीच्या रस्त्यावरील मैलाच्या दगडांवरून किंवा विजेच्या खांबांवरून एकदा पारखून घ्यावे आणि रात्रीचा वेग त्यावरून ठरवावा. उसाच्या गाडीमागे दिवा लागेल की नाही हे त्याच्या हाती नसते. ती दिसताच थांबता येईल एवढा वेग ठेवणे मात्र त्याच्या हाती असते.